नाव घातलेली भांडी

(नरडाण्याजवळचं गाव. झुंबरबाईंच्या ओट्यावर भांड्यांचा ढीग, दारात टेम्पो. धुळ्याच्या महिला आधारगृहासाठी कुंदाबाई घरोघर भांडी-कपडे मागत फिरताहेत.)

झुंबरबाई — आन् हाई घागर बी लई जा, ताई. बठ्ठा गावले समजू दे, झुंबरबाईनी मन भरीसन दिन्हं.

कुंदाबाई — अहो अक्का, कोरी करकरीत आहेत ही! लोक आम्हाला पोचे आलेली पातेली देतात. थांबा, नाव घातलंय. ‘चि. सौ. कां. प्रमिला हिस वडील तोताराम यांजकडून.’ प्रमिला म्हणजे?

झुंबरबाई — सून व्हती. माहेर जाई बसनी. ते नाव घासी टाका तठे.

कुंदाबाई — आणि भांडी का काढताय?

झुंबरबाई — पोऱ्यानं दुसरं लगीन शे ना आते. नवी सून शिकेल शे, वाचस. तिले काय रोज सवतनं नाव घासाले लावू?

कुंदाबाई — प्रमिला माहेरी नाही, अक्का. बापानं दारातूनच परत पाठवली. दिवाळीपासून आमच्याकडे आहे. हात मोडलेला होता तिचा.

झुंबरबाई — ...मार कोनले नही बसत? मी बी खादा तिना सासराना हातना. मी कोठे पळी गयी?

कुंदाबाई — पळायला जागा होती का तुम्हाला?

झुंबरबाई — नव्हती ना! मंग तिलेच काबर व्हावी?

कुंदाबाई — शाबास! तिचीच भांडी, आणि तिलाच दान! नेते मी, पण तिचं सामान म्हणून. देणगीदारांच्या पाटीवर तुमचं नाव लागणार नाही, सांगून ठेवते.

झुंबरबाई — मंग राहू दे बठ्ठं!... नको, लई जा. माले घरमा नको ते.

कुंदाबाई — आणि पदराखाली काय धरलंय? वाटी? तीपण तिचीच दिसतेय.

झुंबरबाई — हाई देवाव नही मी. लेकरू हाईमाच खास. दुसरामा दिन्हं तं घास लेस नही.

कुंदाबाई — लेकरू ठेवून घेतलंत, वर वाटीही! रोज ताटावर बसली की विचारते हो ती, माझं बाळ जेवलं असेल का.

झुंबरबाई — जेवस म्हनीसन सांग तिले. जेवता जेवता त्या नाववर बोट फिरावस. इचारस, आजी, काय लिखेल शे?

कुंदाबाई — मग? काय सांगता?

झुंबरबाई — माले कोठे वाचता येस?