शेवटचे चार चॅनल

वहिनी : भाऊजी, स्विचला हात लावू नका.

भाऊजी : लावत नाहीये. लावला असता तर दुकानात धूर झाला असता. हे बघितलंत? मिक्सरचे शेवटचे चार चॅनल, एकवीस ते चोवीस. सगळे कंडेन्सर उलटे बसवलेत. करंट सोडला की फुगून फुटले असते एकेक.

वहिनी : आणि बाकीचे?

भाऊजी : बाकीचे वीस एकदम व्यवस्थित. तेच तर कळत नाही. वीस चॅनल नीट करणारा माणूस शेवटच्या चारात अशी माती खाईल? तोही आमचा दादा?

वहिनी : पाचला गिऱ्हाईक येणार आहे. तोवर होतील ना चार?

भाऊजी : छत्तीस कंडेन्सर काढून पुन्हा लावायचे. मान मोडेल, पण होतील. रेकॉर्डिंग स्टुडिओच्या तळघरात आठवडाभर पाण्यात बुडालेला मिक्सर विकायला निघालोय आपण, मानेचं काय घेऊन बसलात. फक्त त्या माणसाला मी सांगणार, वीस चॅनल दादाचे आणि चार माझे.

वहिनी : नका सांगू.

भाऊजी : वहिनी, त्यानं फोनवर तीनदा विचारलंय, काम दादांच्याच हातचं ना म्हणून. माझ्या हातावर त्याचा भरवसा नाही, नसू दे. पण खोटं बोलून मशीन विकायचं नाही, हे मला दादानंच शिकवलं.

वहिनी : आणि तो आल्या पावली परत गेला म्हणजे? महिनाअखेर दुकान सोडायचंय, मागची खोली सोडायचीय. हे धूड मी बहिणीकडे नेऊ? तिच्याकडे मलाच जेमतेम जागा आहे.

भाऊजी : दुसरं गिऱ्हाईक बघू.

वहिनी : आठ महिन्यांत हे एक आलंय. आणि गिऱ्हाईक जाऊ दे हो. मला हा मिक्सर त्यांच्या नावानं जायला हवाय. चोवीसच्या चोवीस चॅनल. दीड वर्ष आजारपण काढलं त्यांनी ह्याच्यावर वाकून. दुसरं राहिलंच काय होतं त्यांच्याकडे?

भाऊजी : चार चॅनल चुकले म्हणून दादा लहान होत नाही.

वहिनी : चार नाही चुकले.

भाऊजी : म्हणजे?

वहिनी : चोवीसही उलटेच लावले होते त्यांनी.

भाऊजी : काहीतरीच काय.

वहिनी : ह्या जुन्या बोर्डावर खूण छापलीय ती प्लसची. नव्या कंडेन्सरवर रेघ असते ती मायनसची. ते रेघ आणि खूण जुळवून लावायचे. मग उलटं नाही लागणार तर काय होणार?

भाऊजी : जन्मभर मायनसची खूण असलेले बोर्ड केले त्यानं. हात आपला सवयीनं चालायचा. पण दादाला हे माहीत नव्हतं असं नाही. मला त्यानंच दाखवलं होतं, पहिल्याच वर्षी.

वहिनी : माहीत होतं, पण त्या गोळ्यांनी डोकं जड व्हायचं, लक्षात टिकायचं नाही. पहिल्या दिवशी मी बोलून बसले, अहो, उलटं लागतंय. तापलेलं सोल्डरिंग आयर्न तसंच टेबलावर टाकून ते उठले. तीन आठवडे दुकानात पाऊल नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. तेव्हाच कानाला खडा लावला, पुन्हा म्हणून बोलायचं नाही.

भाऊजी : मग वीस नीट केले कुणी? तुम्ही?

वहिनी : तीस वर्षं शेजारी बसून काय नुसता चहा दिला मी?

भाऊजी : तरीच. सकाळपासून बघतोय, जोड कसे बारीक आलेत. दादाचे जरा ढब्बेच असायचे. मला वाटलं, आजारपणात हात सुधारला की काय.

वहिनी : महिन्याकाठी एखादा चॅनल लावायचे आणि आंघोळीला जायचे. तेवढ्यात मी काढून सुलटं करायची. बाहेर येऊन चालू करायचे, वाजायचं. त्या दिवशी दोन घास जास्त जायचे त्यांना. शेवटच्या आठवड्यात मात्र दोन दिवसांत चार लावले, आंघोळीलाही उठले नाहीत, आणि दवाखान्यात गेले ते गेलेच.

भाऊजी : नंतर तरी करायचे होते तुम्ही हे चार.

वहिनी : आज सकाळीसुद्धा मी बसले होते, तुम्ही यायच्या आधी. हातच चालेना. त्यांनी लावलेलं तेवढंच राहिलंय.

भाऊजी : मला का नाही बोलावलंत? दोन गल्ल्या सोडून तर राहतो मी.

वहिनी : म्हटलं होतं, धाकट्याला बोलवू का? तर म्हणाले, तो माझ्यापाशी शिकलाय, त्याच्यासमोर मला चुकायचं नाही.

भाऊजी : मी हजारदा चुकलो त्याच्यासमोर. वाईट वाटतंय मला, वहिनी. फार वाईट वाटतंय.

वहिनी : मला नाही वाटत? नवऱ्याला दीड वर्ष फसवलं मी.

भाऊजी : एक सांगा. एका चॅनलचे नऊ कंडेन्सर. काढायचे, भोकं साफ करायची, पुन्हा लावायचे. तासभर तरी लागत असेल.

वहिनी : लागायचाच.

भाऊजी : आणि दादा तासभर आंघोळ करायचा? पाच मिनिटांत बाहेर यायचा तो. आई म्हणायची, हा भिजतो तरी का नुसतं पाणी बघून येतो.

वहिनी : अशक्तपणा होता. हळूहळू करत असतील.

भाऊजी : पाण्याचा आवाज यायचा?

वहिनी : आत गेल्या गेल्या दोन तांबे. मग नसायचा. स्टूल होतं आत, बसत असतील. शेवटी आतूनच विचारायचे, येऊ का बाहेर? मी म्हणायची, अहो, घर तुमचं, विचारता काय?

(भाऊजी आयर्न तापायला लावतात.)

वहिनी : भाऊजी, ते मला विचारायचे.

भाऊजी : हो.

वहिनी : सगळं माहीत होतं त्यांना. मग बोलले का नाहीत एका शब्दानं?

भाऊजी : तुम्ही तरी कुठं बोललात.

वहिनी : थंडीतसुद्धा बसायचे हो. ओल्या अंगानं.

भाऊजी : रडून घ्या जरा. पाचला वेळ आहे अजून.

वहिनी : नको. आयर्न लावा तापायला.

भाऊजी : लावलंय. तो माणूस विचारेल, काम कुणाच्या हातचं. काय सांगू?

वहिनी : आम्हा दोघांचं म्हणा. घ्यायचा तर घेईल.

भाऊजी : आणि हे चार?

वहिनी : द्या इकडे, मी लावते. तुम्ही त्या बाजूला सरका, उजेडाच्या आड येताय.