पहिल्या हाकेला

आधी माझं गाऱ्हाणं, नमस्कार मागाहून. ह्या कार्यक्रमाच्या कार्डावर माझ्या नावापुढं ‘निराधार वृद्धा’ असं कुणी छापलं? निराधार कोण? विड्या वळून मी दोन लेकींची लग्नं केली. आजही सूप माझ्या मांडीवर असतं. ओढ्यानं घर नेलं, हात नेले नाहीत. पुढच्या कार्डावर नुसतं ‘अक्काताई, निपाणी’ छापा, तेवढीच शाई वाचेल.

तर सभेचे अध्यक्ष उपेंद्र वकीलसाहेब, स्टेजवर बसलेले देवळाचे पंच भरमूअण्णा, मशिदीचे बागवानचाचा, चर्चच्या सिस्टर, जैन बस्तीचे चौगुलेअण्णा, ज्यांच्यासाठी हा हार आणलाय त्या आमच्या तहसीलदार विद्युल्लता मॅडम, आणि समोर बसलेल्या सगळ्या आयाबहिणींनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार. वकीलसाहेब, थोडक्यात बोला म्हणून तुम्ही चिठ्ठी पाठवलीत. मी तिसरीपर्यंत शिकले, ती वाचण्यात जो वेळ गेला तो भाषणात धरू नका.

मॅडम उद्या धारवाडला चालल्या, बदली झाली. त्यांची शिस्त, त्यांची तळमळ, त्यांचा सर्वधर्मसमभाव, हे सगळं माझ्या आधीच्यांनी सांगून झालंय. मी त्यांची एकच गोष्ट सांगते, कारण ती इथं दुसरं कुणी करत नाही.

गेल्या आषाढात ओढा चढला आणि आम्हा विडीवाल्यांच्या घरांची ओळच्या ओळ बसली. मॅडमनी ह्या चौघांना एका चहाला बसवलं आणि फेरी ठरवली. एक आठवडा देवळाचा हॉल, मग मशिदीचा, मग चर्चचा, मग बस्तीची धर्मशाळा. रविवार आला की बोचकी उचलायची आणि पुढच्या देवाकडं निघायचं. खोटं कशाला बोलू, चारी ठिकाणी मायेनं ठेवलं. देवळात आमटी झणझणीत, मशिदीत चहा गोडमिट्ट, चर्चमध्ये ब्लँकेटं, बस्तीत कांदा-लसूण नाही आणि दिवस मावळायच्या आत जेवण. ह्या चौघांचं कशावरही एकमत नव्हतं. एका गोष्टीवर मात्र होतं.

देवळातल्या पहिल्याच दिवशी, रविवारी दिवेलागणीला, बाहेरून हाक आली. बाईचा आवाज. “आत कोण हाय का? दार उघडा.” मला तो माझ्या धाकट्या बहिणीचा वाटला. ती वारली त्याला लई वर्षं झाली. शेजारच्या मालुबाईनं माझा दंड धरला. म्हणाली, “आमची आय आली.” तिची आई काकतीला, अंथरुणाला खिळलेली. मी उठले, तर भरमूअण्णा म्हणाले, “बसा हो आक्का. तिन्हीसांजेच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते. माणूस असलं तर तीनदा मारंल.”

“आणि नसलं तर?”

“नसलं तर एकदाच.”

सगळे कान टवकारून बसले. दुसरी हाक आली नाही.

पुढच्या रविवारी मशिदीचा हॉल. दिवे लागले, तोच आवाज, तेच शब्द, एकदाच. बागवानचाचा हळूच म्हणाले, “बसा आक्का. मगरिबच्या टायमाला आमच्यातबी पहिल्या हाकेला जात न्हाईत.” त्याच्या पुढच्या रविवारी चर्चमध्ये सिस्टरनी छातीवर क्रूस काढला आणि म्हणाल्या, “आमच्या आजीनं पण हेच सांगितलंय.” मी म्हणलं, “काय हो, देव तुमचे वेगळे, आणि आजी एकच काय?” सिस्टरनी दाराची कडी पुन्हा तपासली. बाहेर दुसरी हाक नाही. चार धर्मांची एकी म्हणतात ती मी त्या बंद दाराच्या आत बघितली.

मग बस्तीची पाळी आली. जेवणं लवकर उरकलेली, मॅडम आजारी पोरांची औषधं घेऊन आलेल्या. हाक आली. मॅडमनी कुणाला विचारलं नाही. “ओ, आले!” म्हणाल्या आणि कडी काढली.

दारात शालूबाई उभी. आमच्या ओळीतलं शेवटचं घर तिचं. ओढ्यानं नेली म्हणून आम्ही तिच्या नावानं आंघोळी केल्या होत्या! कडेवर लेक, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. मालुबाई किंचाळली, चौगुलेअण्णा भिंतीला टेकले. मॅडम म्हणाल्या, “आत या. जेवलात का?”

तिनं दोन घास खाल्ले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी तिला झापलं, “तीन रविवार दारात येऊन एकेक हाक मारून परत का फिरलीस गं?”

तिचा घास हातातच राहिला. “कुठले तीन रविवार, आक्का? मी कोल्हापूरला भावाकडं हुते. भावजयीनं भाईर काढलं म्हणून आज आले. आणि हाक मी कुठं मारली? तुमच्यात जागा असंल का नसंल, हाक मारू का नको, असं करत नुसती उभी हुते. तवर दार उघडलं.”

आता तुम्हीच सांगा, हाक मारली कुणी? ते मला कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही. मला दुसरंच छळतंय. बस्तीत हाक आली तेव्हा दारात शालूबाई होती. मग आधीच्या तीन दारांत कोण उभं होतं? हाक मारू का नको करत, कडेवर कुणाला घेऊन? आणि ते मग गेलं कुठं?

त्यानंतर दर रविवारी हाक येते आणि दर रविवारी मॅडम दार उघडतात. एकदा खोकणारा म्हातारा होता, एकदा दोन लेकींची आई. उंबरा रिकामा एकदाही निघाला नाही. आणि विचारावं तर प्रत्येक जण हेच सांगतो, आम्ही हाक मारली नाही.

उद्यापासून मॅडम नाहीत. म्हणून हे सगळं बोलले. माझी जीभ तिखट आहे, कुणाला लागलं असेल तर तुमचीच आक्का समजून पोटात घाला. देऊळ, मशीद, चर्च, बस्ती, सगळ्यांनी आम्हाला छप्पर दिलं, त्यांचे उपकार मानते. मॅडम, धारवाडला थंडी असते, ही शाल कपाटात ठेवू नका, अंगावर...

थांबा. टाळ्या नकोत. आलं ना कानावर सगळ्यांच्या?

मॅडम, तुम्ही उठायचं नाही. तुम्ही आज पाहुण्या. सिस्टर, चाचा, एकमेकांकडं बघू नका. आज रविवार आहे, दिवेलागण झालीय, आणि हा हॉल देवळाचा. भरमूअण्णा, दुसऱ्या हाकेची वाट बघायची नाही. उठा, आणि ओ तुम्ही द्या.