एक, तीन, चार

आणि वर लोक म्हणतात, वाचनाने मन शांत होतं! कुणाचं होतं हो? माझं तर चारशे बारा पानं वाचून डोकं फिरलंय. तुम्हाला सांगतो, मी काही पुस्तकातला माणूस नाही. मी वॉशिंग मशीन दुरुस्त करतो, मशीनबरोबर फुकट येतं तेवढंच पुस्तक मला ठाऊक, आणि तेही कुणी वाचत नाही म्हणून तर माझं पोट चालतं. पण हे वाचावं लागलं, कारण ते लिहिलंय टकल्यानं.

टकल्या म्हणजे आमच्या पंक बँडचा गायक. हसू नका, होता आमचा बँड! बावीस वर्षांपूर्वी. फाटकी जाकिटं, कानात सेफ्टी पिना, आणि एका गॅरेजमध्ये आम्ही चौघं असा काही कल्लोळ करायचो की शेजारचा दातांचा डॉक्टर धावत यायचा, "अरे, पेशंट ओरडला तरी मला ऐकू येत नाही!" मी ड्रमवर. आणि पहिल्या मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी "काठ्या विसरलो, घेऊन येतो" म्हणून जो गेलो, तो गेलोच. त्याच दिवशी नोकरीची मुलाखत होती. होणाऱ्या सासऱ्यांची अट, नोकरी नाही तर मुलगी नाही... जाऊ दे.

तेव्हापासून टकल्या बोलत नाही. आता त्याची कादंबरी आली, पंक बँडचीच, पण त्यात जादूबिदू. म्हटलं, यात आपण असणारच, आणि आपल्याला काय बनवलंय त्यावरून कळेल, यानं माफ केलं की नाही. एवढंच बघायचं होतं हो मला.

घेतलं वाचायला. एक राजा, त्यानं राज्यात आवाजावर बंदी घातलेली. बरं. पऱ्या, त्यांच्या फाटक्या पंखांना पिना टोचलेल्या. बरं. गायक कोण, तर खांद्यावर झुलपं रुळणारा राजबिंडा! टकल्याला झुलपं! आणि मी कुठाय? उलटा पान. बेसवाला झालाय उडता लांडगा, गिटारवाली चेटकीण. आणि मी कुठाय? उलटा पान. साठाव्या पानावर आला ड्रॅगन, शेपटीनं नगारे बडवत! मी उठून बसलो, म्हटलं हाच मी! तर तो निघाला दातांचा डॉक्टर. रोज पोलीस बोलवायचा तो माणूस, त्याला ड्रॅगन केलाय! आणि मी कुठाय? उलटा पान.

एकशे चार. नदीकाठी एक दगड. मंत्र टाकला की धडधडतो. आणि गाण्याआधी तो दगड मोजतो, "एक, तीन, चार."

संपलं. हातातला चहा लवंडला. अहो, गाणं सुरू करताना मी असंच मोजायचो, घाईत दोन गाळायचो. त्या चुकीचीच बाकीच्यांना सवय, दुसऱ्या कुणी नीट मोजलं की सगळे गडबडायचे. असं मोजणारा जगात एकच माणूस, आणि त्याचा यानं दगड केला. बायकोला दाखवलं. तिनं चष्मा लावून सावकाश वाचलं. "ठेवला तिथं बसतो, विचारलं तर बोलत नाही. अहो, किती हुबेहूब!"

तरी वाचलं. शेवटी काय, तर राजाच्या वेशीवर, ऐन लढाईच्या दिवशी, दगड गडगडत निघून जातो. उतार नाही काही नाही, तरी जातो! बाकीचे संध्याकाळपर्यंत वाट बघतात, मग त्याच्याशिवाय वाजवतात आणि चक्क जिंकतात. खरं काय झालं माहितीय? मोजायला कुणी नाही म्हणून तिघं स्टेजवर नुसते उभे राहिले, लोकांनी हाकललं, बँड तिथंच मोडला. म्हणजे पुस्तकात माझ्यावाचून काही अडलं नाही आणि खऱ्यात सगळं माझ्यामुळं अडलं. यात माफी कुठाय? उलटा पान... तर पुढे पुठ्ठा.

बायको म्हणाली, लावा फोन एकदाचा. लावला. पलीकडून, "बोल." बावीस वर्षं काय काय पाठ करून ठेवलं होतं, आणि तोंडातून आलं काय? "एक... तीन..." मग टकल्या म्हणाला, "दोन राहिलं. नेहमीसारखं." आणि ठेवला.

आता हे माफ केलं म्हणायचं की नाही? मला तर कळेना. बायको म्हणते, परत वाचा, कुठंतरी असेल. चारशे बारा पानं! वाचतो. दगडाला दुसरं काम काय.