भावाची बॅटरीची खुर्ची नेल्याबद्दल केशर मिराशी हिचा जबाब

पोलीस चौकी कॅसलरॉक, तालुका सुपे, जिल्हा कारवार. तारीख ९ डिसेंबर १९६४.

माझे नाव केशर सखाराम मिराशी, वय वर्षे २६, धंदा घरी बसून पत्रावळी लावणे, राहणार स्टेशन रस्ता, कॅसलरॉक.

चौकीच्या पायऱ्या मला चढता येत नसल्याने जमादारसाहेब बाहेर झाडाखाली आले. त्यांनी विचारल्यावरून समक्ष सांगते ते असे:

मला व माझा धाकटा भाऊ अर्जुन यास स्नायू झिजण्याचा आजार आहे. यावर औषध नाही असे बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितले. आधी माझे पाय गेले, मग त्याचे. बरीच वर्षे आम्ही दोघे एकाच दारात, एकाच चटईवर बसत होतो. त्या वेळी आमचे भांडण नव्हते.

मागच्या शिमग्यानंतर लॉरी गॅरेजातील फिटर नागू, हा अर्जुनाचा मित्र, याने त्याला खुर्ची करून दिली. तिला सायकलीची चाके असून बसायच्या फळीखाली लॉरीची बॅटरी व मोटर आहे. उजव्या हाताची दांडी पुढे केली की खुर्ची चालते, ढकलावी लागत नाही. अर्जुन रोज स्टेशनाबाहेर विडी-काडी विकण्यास जाऊ लागला. लोक त्याला अर्जुनशेठ म्हणू लागले. संध्याकाळी येऊन तो गोव्याच्या गाडीने कोण आले, कोण गेले हे सांगे. मी तोंड फिरवून बसे. त्याच्या सदऱ्याला इंजिनाच्या धुराचा वास येई. सदऱ्याची घडी मीच घालत असे.

मला एकदा बसू दे, असे मी त्याला अनेक वेळा म्हटले. तो म्हणाला, "अक्का, तुला कुठं जायाचं हाय? तुझं काय अडलंय भाईर?" मी म्हटले, "तुझं तरी काय अडलं व्हतं?"

मला त्याचा हेवा वाटत होता काय, असे विचारल्यावरून सांगते की, व्हय. खुर्ची बिघडली की त्या दिवशी मला जेवण गोड लागे.

आज अर्जुन तापाने आत झोपला होता. खुर्ची पडवीत होती. मी तीत बसले. मला कोणी उचलून बसवले हे मी सांगणार नाही. आई पलीकडे कट्ट्यावर कंबर धरून बसली आहे, तिला काही विचारू नये.

आधी मी कुंपणाला धडकले. मग रस्त्याला लागले. मागे कोणी ढकलत नव्हते, तरी मी वळून वळून पाहत होते. फलाटाच्या उतारावरून वर गेले. गाडी उभी होती. खिडकीतल्या एका बाईने मला विचारले, "बाई, ही लोंढ्याला जाते का?" मी जाते म्हणून सांगितले. आजवर मला कोणी वाट विचारली नव्हती. गाडी सुटल्यावरही मी तिथेच थांबले. परतताना चौकीजवळ बॅटरी संपली व खुर्ची उभी राहिली.

तोवर अर्जुन उठला होता. खुर्ची चोरीस गेली अशी खबर त्याने शेजारच्या लाडू नावाच्या मुलाबरोबर चौकीत धाडली. मग खुर्ची सापडली, तीत मी आहे, असे कळल्यावर नागूने त्याला पाठीवर घेऊन इथे आणले. तो म्हणाला, "अक्का, उतर." मी म्हटले, "उतरता आलं असतं तर खुर्ची कशाला आणली असती?" तो म्हणाला, "मी धंदा कसा करू गं?" आणि नागूच्या खांद्यावर तोंड लपवून रडला. मला वाईट वाटायला हवे होते. त्या वेळी वाटले नाही.

खुर्ची अर्जुनाची आहे, हे मला कबूल आहे. न विचारता नेली हेही खरे. चोरली नाही. घरीच आणत होते.

पुन्हा नेणार काय, असे विचारल्यावरून सांगते की, व्हय. बॅटरी भरली की.

यावर अर्जुन नागूच्या पाठीवरूनच म्हणाला, "दोपारची गाडी गेल्यावर खुर्ची न्हे. तवा गिऱ्हाईक नसतंय."

हा जबाब जमादारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखविला. मी बोलले तसाच उतरला आहे. माझा हात वर उचलला जात नसल्याने कागद खुर्चीच्या हातावर आणून ठेवला. सही मी स्वतः केली.

केशर सखाराम मिराशी