एकवीस किलोमीटर आणि एक ‘ताई’

नाही, पण मी म्हणतो, पुण्यात जागा काय कमी आहेत हो? सारसबाग आहे, तळजाई आहे, अगदीच काही नाही तर आमच्या सोसायटीचा जिना आहे... आणि जिला सांगायचं ती राहते कुठे, तर सदाशिव पेठेतच, दोन गल्ल्या सोडून, चालत चार मिनिटं. तिला मनातलं सांगायला आमचा गोपाळकृष्ण, वय वर्षं सहासष्ट, गेला कुठे? कोल्हापूरला! तेही एकवीस किलोमीटर धावत! आणि वेळेवर बोलला का? ...नाही.

तुम्हाला सांगतो, हा गोपाळकृष्ण माझा शेजारी. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला, बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा आमोद बंगळूरला. आयुष्यात हा माणूस कधी बसमागे धावला नाही. गेली तर गेली, म्हणायचा, मला काय घाई आहे? आणि असा हा गृहस्थ दोन वर्षांपूर्वी तळजाईवर सकाळचा फिरायला काय गेला, तिथे त्याला श्यामलाताई काय भेटल्या, आणि पंधरा दिवसांत ह्याच्या पायात लालभडक बूट! श्यामलाताई म्हणजे गणिताच्या बाई, त्याही निवृत्त, एकट्या. यजमान गेल्यावर घर खायला उठायचं म्हणून पळायला लागल्या. ह्यानं विचारलं, मी येऊ का बरोबर? त्या म्हणाल्या, या की, रस्ता काय माझा आहे?

झालं. दोन वर्षं रोज सकाळी दोघं बरोबर. चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, घड्याळ पिप् वाजलं की पुन्हा पळायचं. त्या एका मिनिटात दोघांनी काय काय बोलून घेतलं, विचारू नका... त्यांच्या यजमानांचं आजारपण, ह्याच्या बायकोच्या हातचं वरण, सगळं. एवढं एक सोडून. कारण अडचण काय, तर पहिल्याच दिवशी हा त्यांना ‘श्यामलाताई’ म्हणून बसला! आता मला सांगा, एकदा ताई म्हटल्यावर पुढे बोलायचं काय, कपाळ? आधी ती ताई काढायला हवी. घरी आरशासमोर नुसतं ‘श्यामला’ म्हणून बघायचा, मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. सकाळी समोर गेला की, नमस्कार श्यामलाताई. बोलला का? नाही.

तिसरा ह्यांच्यातला हिंदुराव. धायरीचा, जमीनजुमलावाला, मोठी गाडी, पोट त्याहून मोठं, पण पळतो बरं का! त्याच्या सगळं लक्षात आलेलं. कोल्हापूरच्या शर्यतीचा घाट त्यानंच घातला. म्हणाला, “गोपाळ, इथं तुझं काय जमायचं नाय. परगावी माणसाची जीभ सुटती. चल.” गाडीत मुद्दाम दोघांना मागे बसवलं, आणि स्वतः पुढे बसून साताऱ्यापर्यंत आरशातून डोळे मिचकावत होता. हा मागे बसून खिडकीबाहेरच्या उसावर बोलला. कराडपर्यंत ऊस, पुढेही ऊस! ऊस संपला तेव्हा कोल्हापूर आलं.

संध्याकाळी लॉजवर छातीवर लावायचे नंबर आले. ह्यानं आपला वाकडा लावला. श्यामलाताई म्हणाल्या, थांबा, गणितात नापास दिसताय, आणि एकेक पिन काढून स्वतः सरळ लावला. चार पिना. हा श्वास रोखून उभा. मला नंतर म्हणाला, अरे, नऊ वर्षांत माझ्या शर्टाला कुणी हात लावला नव्हता... आणि बोलला का? अहो, नाही!

उजाडता उजाडता शर्यत सुटली. हिंदुराव मुद्दाम पुढे निघून गेला. ह्यानं ठरवलेलं, दहाव्या किलोमीटरला चालायचं मिनिट येईल तेव्हा बोलायचं. दहावा आला तर श्वासच नाही. अकरावा आला, बाजूला कुणीतरी ढोल बडवत होतं. बाराव्याला त्याच म्हणाल्या, “गोपाळराव, एक सांगायचंय. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.”

त्याचं काय झालं असेल, विचार करा.

त्या म्हणाल्या, अपूर्वाला, म्हणजे त्यांच्या मुलीला, दिवस गेलेत. मेलबर्नला एकटी पडलीय, नवरा सदा फिरतीवर, नोकरी, घर... इथली जागा विकली, पंधरा तारखेचं तिकीट आहे. राहायलाच जातेय, आता परत यायचं काही नाही.

आणि हा काय म्हणाला? “वा. छान.”

वा, छान! एवढंच निघालं तोंडातून. आणि तेवढ्यात घड्याळ वाजलं हो, पिप्! दुःख करायलासुद्धा मिनिट पुरलं नाही, निमूट पळायला लागला. चार मिनिटं पळ, एक मिनिट चाल. चालायच्या मिनिटात त्या नातवंडाचं बोलत होत्या, हा मान हलवत होता. घाम आहे म्हणून बरं, मला नंतर म्हणाला, तोंडावरून काय वाहतंय ते कुणी विचारत नाही.

अठराव्याला मात्र हा थांबला. पळायच्या मिनिटात, भर रस्त्यात, खांबासारखा. त्या दहा पावलं पुढे जाऊन मागे वळल्या. काय हो, पाय दुखतोय?

हा म्हणाला, “श्यामला.”

नुसतं श्यामला. पुढे ताई नाही, काही नाही. मागून माणसं येतायत, बाजूनं जातायत, आणि ही दोघं उभी. मग त्या जवळ आल्या, त्याच्या कपाळावरची घसरलेली टोपी नीट केली आणि म्हणाल्या, “इतक्या उशिरा नका हो काढू ती ताई. मी दोन वर्षं वाट बघितली.”

दोन वर्षं! म्हणजे ह्यानं आरशासमोर घालवली तीच दोन वर्षं!

हा म्हणाला, तिकीट पुढे नाही का ढकलता येणार? त्या म्हणाल्या, तिकीट येईल हो ढकलता... पोरीला शब्द दिलाय. तिला माझ्याशिवाय कुणी नाही. ह्याच्या ओठावर आलं होतं, मला तरी कोण आहे? आणि तेवढं मात्र तो शहाण्यासारखा गिळून बसला. म्हणाला, “मग चला. वेळेत पोचू.”

उरलेलं अंतर चालले नाहीत. हात धरून पळाले म्हणे, तीन किलोमीटर, सरळ. शेवटच्या रेषेवर हिंदुराव पदक घालून उभा होता. धरलेले हात बघून खूश झाला, गळ्यात पडला, म्हणाला, “बोललास वाटतं?” गोपाळकृष्ण म्हणाला, हो. आणि हिंदुराव त्या दोघांसाठी पेढे आणायला पळाला... त्याला सांगायचं कुणी?

पंधरा तारखेला हा विमानतळावर जाऊन सोडून आला. पुढच्या आठवड्यात आमोदनं बळजबरीनं तपासणी करायला लावली, एवढं पळता बाबा, छाती दाखवून या. मी बरोबर गेलो होतो. डॉक्टरांनी पट्ट्यावर पळवला, तारा लावल्या, कागद वरखाली बघितला आणि चकित झाले. म्हणाले, काका, अभिनंदन. हृदय अगदी चाळिशीतल्या माणसाचं आहे, अजून वीस-पंचवीस वर्षं सहज चालेल.

गोपाळकृष्ण सदऱ्याची बटणं लावत होता. म्हणाला, “हो का? बघा काही कमी करता येत असेल तर.”