सुनेची नखं

लकडगंजच्या दातांच्या दवाखान्यात प्रयागबाई आपल्या नंबरची वाट पाहत होत्या. शेजारच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"नरम भाकर खाताना तुटली वं कवळी, रंभा."

"पण इथं कवळ्या तं तुमचाच पोरगा बनवते ना?"

"म्हणूनच त्याच्या सुट्टीच्या दिवशी आली. सून रोज भांडे घासते, तरी तिचं एवढालं लांब नख एक तुटत नाही."

"असतात काहीजणींचे मजबूत."

"लग्नात तं कुरतडलेले होते. अन् आता जवळ आली का या दवाखान्याचा वास येते."

"म्हणजे नखांवर कवळीचाच मसाला?"

"मी काही म्हणत नाही. रंग तोच, कवळीच्या हिरड्यांचा गुलाबी."

"मग त्यानं तुमच्या कवळीत काय टाकलं?"

प्रयागबाईंनी तोंडातली, इथंच बनवलेली नवी कवळी जिभेनं हळूच चाचपून पाहिली.