चूक कोणाची?

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. मुलीची आजी आत डॉक्टरांच्या खुर्चीवर होती.

"आई, हे मी कॉलेजसाठी केलेलं ॲप. यात दवाखान्याचा नंबर लावून दाखव. मी नुसती बघणार, मदत करायची नाही असा नियम आहे."

"तुझ्या बाबांनी पण हाच कोर्स केलाय वाटतं."

"आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. रेकॉर्ड करतेय."

"बघ हं, मग रडू नकोस. हे बटण दिसायला गोंडस, पण दाबलं तरी ढिम्म. आणि आता मागे कसं जायचं? वाटच नाही. लग्नच की हे!"

"आई!"

"बरं बाई, माझंच चुकलं असेल."

"नाही गं. सर पहिल्याच दिवशी सांगतात, चूक वापरणाऱ्याची नसते, बनवणाऱ्याची असते."

"पुन्हा बोल."

"चूक बनवणाऱ्याची असते."

"मग तुझ्या बाबांना बनवलं आजीनं, वापरतेय मी, आणि बोलणी कोण खातंय?"

"आई, हे उद्या सगळ्या वर्गाला ऐकवायचंय!"

"ऐकव की. पण आधी आत जाऊन आजीला ऐकव. डॉक्टरांनी तोंड उघडून ठेवलंय तोवरच. नंतर त्या बोलू लागतील."